तोच की तसाच

“थांब. काय वाचलंस?”

तिने ओळ पुन्हा वाचली. “दोघांनी वेगवेगळ्या रीतीने रचलेला दोन हा आकडा शेवटी तसाच असतो.”

“तोच! तोच असतो!” जेवणाच्या टेबलापलीकडून प्राध्यापक कडाडले. “तसाच म्हणजे सारखा दिसणारा दुसरा. तोच म्हणजे एकच. एवढ्या एका शब्दावर माझं पुस्तक उभं आहे, आणि तू नेमका तिथेच सुरुंग लावतेस.”

“टाइप करताना चुकलं,” असं म्हणून तिने लाल पेनाने काट मारली. चुकलं वगैरे काही नव्हतं. तिच्या बोटांना तोच पटला नव्हता, एवढंच.

पुस्तकाचं म्हणणं तिला एव्हाना तोंडपाठ झालं होतं. दोन हा आकडा कोणी असा रचतो, कोणी तसा. गणितं दोघांचीही बिनचूक सुटतात. मग खरा दोन कुठला? तर कुठलाच नाही. एकानंतरची आणि तीनच्या आधीची जी जागा, तिचंच नाव दोन. तिथे कोण बसलंय याला काडीची किंमत नाही. या वाक्यावर प्राध्यापकांनी उभी हयात काढली, मानसन्मान मिळवले, आणि घरात कोण जेवलं, कोण उपाशी झोपलं याची कधी चौकशी केली नाही.

तरीही तिला ते वाक्य आवडायचं. थोरली बहीण गेली तेव्हा तान्ही भाची हिच्याच मांडीवर होती. पोर मांडीवर आहेच, तर तूही याच घरात राहा, असं मोठ्यांनी ठरवलं आणि बहिणीच्या नवऱ्याशी, म्हणजे प्राध्यापकांशी, हिचं लग्न लावून दिलं. कालपर्यंत ज्यांना भाऊजी म्हटलं त्यांना ‘अहो’ म्हणताना जीभ अडखळायची. भाची मोठी झाली, नोकरीसाठी परगावी गेली, तरी मावशीच म्हणते; पोरांना तत्त्वज्ञान शिकवून येत नाही. पण हे पुस्तक टाइप करताना पहिल्यांदाच हिला वाटलं, चला, एका माणसाच्या लेखी तरी आपण बदली कामगार नाही. जागा आपली, म्हणजे ती आपणच.

त्यात अर्पणपत्रिका. प्राध्यापकांनी दोनच शब्द सांगितले होते, ‘माझ्या पत्नीस’. ते टाइप करून ती स्वयंपाकघरात गेली होती आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली होती.

फोन वाजला. प्रकाशकाकडचा माणूस होता. प्राध्यापकांना कमी ऐकू येई, म्हणून फोन टेबलावर मोठ्याने बोलत असे.

“सर, अर्पणपत्रिकेच्या पानावर दोनच शब्द, फार मोकळं दिसतंय. बाईंचं नाव घालू या का?”

“घाला की,” प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांनी नाव सांगितलं. थोरल्या बहिणीचं. “आणि त्याच्याआधी दिवंगत लावा. नाहीतर लोकांचा घोटाळा व्हायचा.”

फोन ठेवल्यावर तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“पण भाऊजी,” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

“काय गं?”

“तुम्हीच लिहिलंय ना, सगळं जागेवर असतं म्हणून? मग नाव कशाला?”

प्राध्यापकांनी चष्मा काढला. प्रश्न त्यांना बाळबोध वाटला असावा, पण ते रागावले नाहीत.

“ते आकड्यांचं झालं. ती माणूस होती.”

बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. तिने समोरचे कागद एकावर एक नीट रचले.

“तुझं नाव आहे की आभारांत,” प्राध्यापक समजुतीने म्हणाले. “टंकलेखनासाठी. विसरलो नाही मी.”

“आणि टंकलेखन दुसऱ्या कुणी केलं असतं तर?”

“तर तिचं नाव आलं असतं.”

“त्याच ओळीत?”

“अर्थात. त्याच ओळीत, त्याच शब्दांत.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “बघ, आता कुठे तुला पुस्तक कळायला लागलंय.”

लग्न झाल्यापासून त्यांनी केलेलं तिचं हे पहिलं कौतुक होतं, आणि ते अगदी मनापासून होतं.