कोहळ्यावरची आगबोट

वडनेरच्या किसनराव माळ्याने लेकीची तीन स्थळं मोडली होती. एकाचा बाप भुरके मारून जेवतो म्हणून, दुसऱ्याच्या बैलाचं शिंग वाकडं म्हणून. तिसऱ्याचं कारण त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. चौथं स्थळ जाऊ द्यायचं नाही, असं त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईने, ठरवलं होतं. विमल तिसऱ्यांदा दाराआडून डोकावली होती. पोरीला मुलगा पसंत होता, आणखी काय पाहिजे?

पिंपळगाव राजाचा तुळशीराम पाच वर्षं आगबोटीवर कोळसा टाकून परतला होता. आता मळा पाहत होता. त्याची परीक्षा घ्यायला किसनरावाने शेषराव मास्तरांना शाळेच्या नकाशासकट बोलावलं. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा शिक्का मारलेला तो मेला नकाशाच नडला.

"आफ्रिकेच्या टोकाहून ऑस्ट्रेलियाले जाताना बोट आधी दक्षिणेले थंडीत उतरे," तुळशीराम म्हणाला. "तिकडून जवळ पडते."

मास्तरांनी नकाशावर पट्टी ठेवली. "हा पाहा सरळ रस्ता. बोट वाकडी काऊन जाईन?"

"कप्तान दारू पेला असंन," किसनराव म्हणाला. "नाही तर हा फेकून राह्यला. थापाड्याले पोरगी देत नाही मी!"

"मामा, मी खाली भट्टीपाशी. रस्ता मी नाही ठरवला. पन वर आलो का मिशीवर बर्फ जमे."

सरळ गेली म्हटलं असतं तर सुटला असता. पण गडी हटेना. सोबत आलेल्या त्याच्या काकांनी निघायला पागोटं उचललं.

नेमकी तेव्हाच मनकर्णाबाई भाजीचं लाल कोहळं आणि सुरी घेऊन बाहेर आली. आख्खं कोहळं बाईने चिरायचं नसतं, पहिला घाव घरच्या पुरुषाने घालायचा.

"राहू दे," किसनराव म्हणाला. "पाहुणे जेवून नाही राह्यले."

आता मात्र बाईचं डोकं फिरलं. तिने कोहळं नकाशावरच आदळलं.

"मास्तर, पृथ्वी गोल शिकवता ना तुम्ही? मंग सपाटीवर काऊन मोजता?" देठापासून सारख्याच अंतरावर तिने कुंकवाचे दोन ठिपके लावले. "हे आफ्रिका, हे ऑस्ट्रेलिया. देठाशी थंडी."

तिने ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत मास्तरांच्या पट्टीसारखा आडवा दोरा धरला आणि ताणला. दोरा आपसूक देठाकडे सरकला आणि दोन बोटं उरलासुद्धा.

"आढ्याले कोहळी टांगताना दोरी अशीच सरकते," ती नवऱ्याला म्हणाली. "वीस वर्षं शिव्या देऊन राह्यले तुम्ही तिले!"

मास्तर नकाशा गुंडाळू लागले, पण त्यावर कोहळं होतं. किसनरावाने स्वतः तीनदा दोरा ताणला. तीनदा उरला. मग त्याने सुरी उचलली. बायकोसमोर हरलेला हा माणूस काय करील, याचा नेम नव्हता.

त्याने सुरी तुळशीरामपुढे धरली.

"घ्या, जावईबुवा. पहिला घाव घरच्या माणसानंच घाला लागते. अन् देठाकडून घाला, तिकडून जवळ पडते म्हंते तुमची सासू."