बाहेरची कडी

आई गेली तेव्हा घरात फक्त बाबा होते. शेवटी ती काय म्हणाली, हे जगात एकाच माणसाला ठाऊक, आणि त्या माणसाच्या मेंदूची दारूने पार चाळण करून टाकलेली. माझं नशीबच असलं!

दर रविवारी मी त्यांना भेटायला आश्रमात जाते आणि तेच विचारते. एकदा म्हणाले, तिने पाणी मागितलं. एकदा म्हणाले, गाणं गुणगुणत होती. एकदा तर ‘पोरीला जपा’ म्हणाली म्हणे, आणि मी बसमध्ये परक्या लोकांसमोर ढसाढसा रडत घरी आले. पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं, “आई बाजारात गेलीय, येईलच एवढ्यात. बस की.”

“ते थापा मारत नाहीयेत,” डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं होतं. वर्षानुवर्षं बेसुमार दारू प्यायल्यावर शरीरातलं एक जीवनसत्त्व संपत जातं आणि आठवणी साठवणारा मेंदूचा भाग निकामी होतो. फार जुनं बरंचसं राहतं, नवं काही टिकत नाही. मधे जी भोकं पडतात ती मेंदू स्वतःच काहीतरी रचून बुजवतो, आणि माणसाला ते खरंच वाटतं. मला हसू आलं. आईच्या डोक्यावर हात ठेवून “आज एक थेंब घेतला नाही” म्हणायचे, तेव्हा मेंदू चांगला ठणठणीत होता की!

पण विचारायचं मला सोडवत नव्हतं. तिच्या त्या शेवटच्या दिवशी मी दुसऱ्या गावी नोकरीवर होते. घरात दुसरं कोणी नाही, बहीणभाऊ नाही. संध्याकाळी कुलूप उघडलं की आवाज होतो तो कुलपाचाच. तिचं एखादं वाक्य मिळालं असतं तर मला पुरलं असतं.

गेल्या आठवड्यात घराचं पुढचं दार बदललं, वाळवीने खाल्लं होतं. दार बाबांनीच केलेलं, ते सुतार. जुन्या दाराची पितळी कडी तेवढी मी काढून घेतली आणि रविवारी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, बोलायला काहीतरी विषय.

त्यांनी अंगठा कडीवरून फिरवला, आणि बडबड थांबली.

“ही घट्ट बसायची. जरा उचलून लावायला लागायची.”

“हो, बाहेरची आहे ना ती.”

“लावत होतो तेव्हा तिने हाक मारली.”

“कोणी?”

“तुझ्या आईने. आतून. म्हणाली, आज नका जाऊ, मला बरं वाटत नाहीये. म्हटलं, हा आलोच.”

“कुठे गेला होतात, बाबा?”

“गुत्त्यावर. बसलो तिथेच. आलो तर दारात ही माणसं.”

“पण कडी का लावलीत?”

“मागोमाग यायची गं ती! चारचौघांत हात धरून ओढायची. लाज वाटायची मला.” आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

शेजारच्या काकूंनी मला तेव्हाच सांगितलं होतं की दाराला बाहेरून कडी होती आणि आई आत दाराशीच पडली होती. बाबा म्हणाले होते, ती गेल्यावर मी डॉक्टरला आणायला धावलो, तेव्हा कडी लावली. मी ते मुकाट्याने मानलं होतं, कारण मग तिच्याजवळ कोणीतरी होतं असा अर्थ होत होता.

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मी उठलेही. तेवढ्यात तिथल्या मावशी चहा घेऊन आल्या, कप ठेवला, “आज काय रडारड?” म्हणत बाबांचे डोळे पुसून गेल्या. बाबांनी दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

“अगं, तू कधी आलीस? कॉलेजला सुट्टी का?” मग कडी उचलून उजेडात धरली. “झकास काम आहे. कोणी केलं?”

ते सुटले होते. माझा राग कोणावर काढायचा, त्या खुर्चीत कोणी नव्हतंच. आता ती गोष्ट जगात एकट्या माझ्याकडे होती, आणि मी काही विसरणार नव्हते.

मी त्यांच्या हातातून कडी काढून घेतली, पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

“बाबा,” मी विचारलं, “आई शेवटी काय म्हणाली?”

ते जरा आठवल्यासारखं करून म्हणाले, “तुझंच नाव घेत होती गं. मी तिचा हात धरून बसलो होतो ना. अजिबात सोडला नाही.”

मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

“पुन्हा सांगा,” म्हटलं.