पाल्याची वाटी

सोमवारी सकाळी आठ वाजता मयुरीने ज्योतीच्या हातात एक वाटी दिली. वाटीत कडुनिंबाचा वाटलेला पाला होता. आत जाऊन छातीला लाव, मगच योगराजला उचल, असं तिने सांगितलं.

ज्योती कामाला लागून तीनच दिवस झाले होते. मयुरी हजीऱ्याच्या एका कंपनीत नोकरीला. पाच महिन्यांच्या योगराजला घरी ठेवून पुढच्या सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. बायका पुष्कळ पाहून झाल्या. एक तंबाखूचा मावा खायची, एकीची नजर फोनवरून हलेना. शेवटी मयुरीच्या सासूला, मालतीबाईंना, बमरोलीत राहणारी ज्योती आठवली. ती त्यांच्या खानदेशातल्या माहेरकडची, त्यांना आत्या म्हणणारी. "आपली पोर शे," मालतीबाई म्हणाल्या. "परकी नही."

ज्योतीने काही लपवलं नव्हतं. घरी आठ महिन्यांची चंचल आहे, अंगावर पिते, हे तिने आधीच सांगितलं होतं. नवरा धर्मेंद्र कामाला होता तो कापडाच्या लूमचा कारखाना बंद पडला नसता तर ती उंबऱ्याबाहेर पडली नसती. पोरगी सासूकडे, सखुबाईकडे, ठेवून ती सकाळी आठला यायची आणि रात्री आठला सुटायची.

तिसऱ्या दिवशी योगराजने बाटली झिडकारली आणि ज्योतीच्या पदराखाली तोंड खुपसलं. मयुरीने ते दारातून पाहिलं. तिने आवाज चढवला नाही.

"तुझ्या अंगाला दुधाचा वास येतो, ज्योतीबेन. तो बाटली कशाला धरेल?"

उपाय मालतीबाईंनी सुचवला. खानदेशात पोरांचं दूध तोडायला बाया हाच पाला लावत आल्या. पण लावायच्या त्या आपल्याच पोराचं तोडायला. दुसरीच्या पोरासाठी कुणी लावल्याचं ज्योतीने कधी ऐकलं नव्हतं. वाटी हातात धरून ती एवढंच म्हणाली, "ताई, माझी अजून पिते."

"रात्री धुऊन पाज ना. आणि आठ महिन्यांची घोडी झाली की, वरचं खाऊ दे तिला."

ज्योती रोज घरी गेल्यावर बेसन लावून घासायची. कडूपणा जाता जात नव्हता. गुरुवारी चंचलने तोंडात घेतलं, चेहरा वाकडा केला आणि फसवलेल्या माणसासारखी आईकडे बघत राहिली. शनिवारी ज्योतीने हूक काढायला हात नेला, तेवढ्यानेच पोरीने मान फिरवली. सखुबाई पिशवीच्या दुधात पाणी घालून पाजू लागली. दुसऱ्याचं लेकरू जगवायला स्वतःचं तोडणारी आई आपण पहिल्यांदाच पाहिली, असं तिने शेजारणीला ज्योतीच्या देखत सांगितलं.

ठरल्या सोमवारी मयुरी ज्योतीला समोर पाला लावायला लावून कामावर गेली. स्वतःचं दूध काढून तिने बाटल्यांत भरून ठेवलं होतं, बैठकीच्या खोलीत कॅमेरा बसवला होता. योगराजने दुपारपर्यंत थेंब घेतला नाही. रडून रडून त्याचा आवाज बसला. मयुरीचे फोन येत होते, आणि मालतीबाई प्रत्येक वेळी पिला म्हणून सांगत होत्या. तुम्हाला जमलं नाही तर माझ्या आईला बोलावते, असं सून जाताना म्हणाली होती. विहीणबाईंनी या घरात पाय ठेवण्यापेक्षा मालतीबाईंना काहीही चाललं असतं.

दुपारी त्यांनी ज्योतीला स्वयंपाकघरात नेलं. तिथे कॅमेरा पोचत नव्हता. पुढ्यात गरम पाणी, बेसन आणि तेल ठेवलं.

"धुई टाक."

"आत्या, ताईंना कळलं तर?"

"तिले कोन सांगी?"

योगराजनेही आधी तोंड वाकडं केलं. पण भूक मोठी होती. मालतीबाईंनी त्याचं डोकं धरून ठेवलं आणि तो कडूसकट पिऊ लागला, दोन्ही मुठी आवळून. बाटल्या मोरीत रिकाम्या झाल्या. संध्याकाळी त्या पाहून मयुरी खूश झाली. पाला लागू पडला म्हणाली आणि सकाळसाठी ताजा वाटून ठेवला.

मग हीच रीत पडली. सकाळी सुनेसमोर लावायचा, ती गेली की सासूसमोर धुवायचा. मंगळवारी रात्री ज्योती निघताना मालतीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नातवाला सकाळी पुरलं पाहिजे, तेव्हा रात्री घरी पाजू नकोस, असं त्यांनी मायेने समजावलं.

"आणि चंचलने तोंड लावलं तर?"

"नही लावाव ती," मालतीबाई म्हणाल्या. "पाला शे नं."

बुधवारी सकाळी ज्योती स्वयंपाकघरात योगराजला घेऊन बसलेली असताना ओट्यावरचा तिचा फोन वाजला. मालतीबाईंनी उचलला. सखुबाईचा आवाज मोठा, ज्योतीला सगळं ऐकू आलं. ज्योती घरून निघाल्यापासून चंचलला जुलाब आणि उलट्या होत होत्या, डोळे खोल गेले होते. धर्मेंद्रने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. आईला लगेच बोलवा, असं डॉक्टर म्हणत होते.

ज्योतीने योगराजला सोडवायला त्याच्या ओठाच्या कडेशी बोट नेलं. मालतीबाईंनी तिचं मनगट धरून खाली दाबलं.

"येस ती," त्या फोनवर म्हणाल्या. "पोऱ्यानं पिनं चालू शे. झालं का धाडी देस तिले."

त्यांनी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजू लागला. योगराजचं अजून एकाच बाजूचं पिऊन झालं होतं.