वाचनालयावरचा निळा पत्रा

अहमदपूरच्या जुन्या कचेरीत वाचनालय भरायचं. इमारत निजामाच्या काळातली. भिंती हातभर जाड आणि वर सागवानी वाशांवर रचलेल्या पातळ शहाबादी फरश्यांचं उतरतं छप्पर. पावसाळ्यात वर्तमानपत्रांच्या टेबलावर पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा ग्रंथपाल लुंबिनी सोनकांबळेने समितीला सांगितलं, कोपऱ्यातल्या फरश्या फुटल्यात, तेवढ्या बदला.

दुर्दैवाने समितीचे अध्यक्ष महादेवप्पा होते. त्यांची डाळ मिल होती. वाचनालयातलं एखादं पुस्तक त्यांनी उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते आले, आत न शिरता फाटकातूनच वर बघितलं.

"समदीच दगडं उतरवू," ते म्हणाले. "निळा पत्रा टाकू. रस्त्यावरून लांबून दिसला पाहिजे."

"अप्पा, गळतंय एका कोपऱ्यात."

"मॅडम, तुम्ही पुस्तकं सांभाळा. छपराचं आम्हाला कळतं. मिलवर पत्राच हाय की."

"मिलमध्ये पोती ठेवतात. इथं माणसं बसतात."

अप्पा हसले. मग बरोबरचे दोघे हसले. ते नेहमी अप्पांच्या मागून हसत.

समितीच्या बैठकीत तिने पुन्हा विषय काढला. सभासद पोहे खात होते. "दगडावर एवढी माया?" एकाने विचारलं आणि ठराव मंजूर झाला. पुस्तकाला लागलेल्या वाळवीकडे पाहावं तसं तिने सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना ते कळलंही नाही.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. फरश्या उतरवल्या नाहीत, वरून फेकल्या. चांगल्या होत्या त्याही फुटल्या. मोठा हॉल उघडा पडला आणि मजूर मागच्या खोलीकडे वळले, तशी लुंबिनी खुर्ची घेऊन त्या खोलीच्या मधोमध जाऊन बसली.

मुकादमाने अप्पांना बोलावून आणलं.

"उठा मॅडम. काम खोळंबून राहिलंय."

"ही खोली गळत नाही. पाडायची तर माझ्या अंगावर पाडा."

दारात वाचक जमले होते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या समीक्षाने मोबाइल वर धरला होता. अप्पांची नजर त्या मोबाइलवर गेली आणि त्यांचा आवाज उतरला.

"राहू द्या ही खोली. तशीबी रस्त्यावरून दिसत न्हाई."

आपल्याला राग येईल असं लुंबिनीला वाटलं होतं. आली ती फक्त किळस. या माणसाचा सगळा विचार तेवढाच होता.

उद्घाटन एप्रिलमध्ये झालं. पत्र्याखाली हॉल भट्टीसारखा तापला होता. लातूरहून आलेले पाहुणे भाषण अर्धवट टाकून गाडीत जाऊन बसले. अप्पा गळ्यातल्या हारासकट मागच्या खोलीत शिरले. तिथे पोरंपोरी खांद्याला खांदा लावून वाचत होती. समीक्षाने सरकून त्यांना जागा दिली.

अप्पांनी घाम पुसला. बराच वेळ ते वरच्या फरश्यांकडे बघत राहिले.

"इथं लई गार हाय," ते म्हणाले.

क्षणभर लुंबिनीला वाटलं, माणसाला उमगलं.

"एक पंखा लावला की समितीची मिटिंग इथंच घेता यील. पोरं बसतील की हॉलमध्ये."

"इथं वाचक बसतात, अप्पा," ती शांतपणे म्हणाली. "मिटिंग पत्र्याखाली घ्या. रस्त्यावरून दिसेल."

अप्पांच्या मागे उभ्या असलेल्या त्या दोघांना हसावं की नाही ते कळेना. अप्पा उठले. जाताना हार दाराच्या कडीत अडकून तुटला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

उन्हाळाभर हॉल ओस पडला आणि मागच्या खोलीत जागेसाठी सकाळीच रांग लागू लागली. एका रविवारी लुंबिनी आणि समीक्षाने आवारातल्या ढिगाऱ्यातून शाबूत फरश्या वेचून भिंतीला लावून ठेवल्या. दोन दिवसांनी अप्पांचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. शेतातल्या बंगल्यापुढं अंथरायला त्या पाहिजेत, म्हणाला.

"अप्पांना सांग, दगडं हायती ती," लुंबिनी म्हणाली. "त्यांना काय करायची?"

ट्रॅक्टर रिकामा गेला.