अंगठा दाखवण्याआधी

मी एक जुने, शिकवणीचे विमान आहे. मित्रांनो, माझ्यात एकामागे एक अशा दोन खुर्च्या आहेत. पुढे शिकणारा बसे, मागे शिकवणारा. सध्या माझा मुक्काम विमानांच्या संग्रहालयामागच्या कार्यशाळेत आहे. इथे थिनरचा आणि जुन्या रबराचा वास असतो आणि माझे पोट बहुतेक वेळ उघडेच असते. आता त्याची लाज वाटेनाशी झाली आहे.

तरुणपणी मात्र माझा तोरा बघण्यासारखा होता. कितीतरी नवशिक्यांनी मला धावपट्टीवर आपटले, पण एकाच्याही केसाला मी धक्का लागू दिला नाही. मागच्या खुर्चीतल्या शिक्षकांना सगळे मास्तर म्हणत. ते कधी ओरडत नसत. कुणी घोळ घातला की त्याला विमानाची माफी मागायला लावत, आणि ती पोरे खरोखरच माझ्या अंगावर थाप मारून माफी मागत.

उड्डाणाआधीची एक रीत होती. मास्तर आतून विमान कलवायची दांडी डावीकडे-उजवीकडे हलवत. कारागिराने पंखाजवळ जायचे, पंखाच्या मागच्या कडेची पट्टी योग्य दिशेला वळते का ते बघायचे आणि मगच अंगठा दाखवायचा. एका सकाळी माझ्या पोटात, दांडीपासून त्या पट्टीपर्यंत जाणाऱ्या नव्या तारा बसवल्या. घाईत त्या उलट्या जोडल्या गेल्या. कारागीर तेव्हा दुसऱ्या विमानापाशी गुंतला होता. पट्टी हलली एवढे त्याला दिसले. कुठे वळली ते तिथून दिसत नव्हते. त्याने लांबूनच अंगठा दाखवला.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी म्हणून मास्तर एकटेच होते. जमीन सोडताच वाऱ्याने मी उजवीकडे कललो. त्यांनी दांडी डावीकडे लोटली. मी आणखी उजवीकडे कललो. त्यांनी आणखी जोर लावला. त्यांचे काहीच चुकत नव्हते, मित्रांनो, आणि मी प्रत्येक वेळी उलटेच करत होतो. मी पंखावर पडलो. मास्तर गेले.

चौकशी झाली, पण माझे पोट उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. चूक वैमानिकाची, असे ठरवून सगळ्यांनी हात झटकले. मी वर्षानुवर्षे एका शेडमध्ये धूळ खात पडलो. मग पंख उतरवून मला इथे आणले आणि पुन्हा जोडले.

इथल्या प्रमुखांना सगळे दादा म्हणतात. हात लावण्याआधी फोटो, हा त्यांचा नियम. एखादा स्क्रूही फोटोशिवाय निघालेला त्यांना खपत नाही. पण माझ्या उलट्या तारा दिसल्या तेव्हा ते हसले. पंख जोडताना मदतनिसांनीच हा घोळ घातला, असे त्यांना वाटले. आपल्याच माणसांच्या गबाळेपणाचा फोटो काय काढायचा? त्यांनी जुन्या तारा भंगारात टाकल्या आणि नव्या नीट बसवल्या. मला तोंड नाही, याचे इतके दुःख आधी कधी झाले नव्हते.

काही महिन्यांपूर्वी पाहुण्यांबरोबर एक वयस्कर बाई आल्या. बाकीचे पुढे गेले, त्या थांबल्या. मी मास्तरांची मुलगी, असे त्यांनी दादांना सांगितले. त्यांची आई शेवटपर्यंत लोकांपुढे मान खाली घालून वावरली होती. विमान उघडून बघणाऱ्याला तरी खरे काय ते कळले असेल, एवढ्या आशेवर त्या आल्या होत्या.

यंत्रात काही दोष दिसला नाही, असे दादा हळूच म्हणाले. फक्त आमच्या मुलांनी पंख जोडताना तारा उलट्या लावल्या होत्या, तेवढेच. जवळच उभ्या असलेल्या मदतनिसाने मान हलवली. पंख आम्ही जोडले, पण पोटातल्या तारांना हातही लावला नाही, असे तो म्हणाला.

दादांनी माझ्या पोटातल्या नव्या तारांकडे पाहिले.

“तुमच्या वडिलांचं चुकलं नव्हतं, ताई,” ते म्हणाले. “तारा तेव्हापासूनच उलट्या होत्या. पण दाखवायला आता काही उरलं नाही. मीच सगळं सरळ करून टाकलं.”

बाई म्हणाल्या, “मला एकदा आत बसू द्या.”

त्या मागच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी दांडी डावीकडे लोटली. दादा सवयीने पंखापाशी जाऊन उभे राहिले. पट्टी जशी वळायला हवी तशीच वळली.

“आता बरोबर वळते का?” बाईंनी विचारले.

दादांनी मान डोलावली. अंगठा काही त्यांना दाखवता आला नाही.

दादांनी वर कळवले. वरून उलट्या तारांचा फोटो मागितला. तो नव्हताच.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची म्हणजे नुसती चकचकीत करायची नव्हे. तिच्यात काही वाकडे दिसले, तर सरळ करण्याआधी ते कधीपासून वाकडे आहे हे विचारा. आणि कधी पंखापाशी उभे राहायची वेळ आली, तर जवळ जाऊन बघा. मगच अंगठा दाखवा.

माझ्यासमोरच्या पाटीवर अजून मास्तरांचीच चूक लिहिलेली आहे. दादा मला रोज पुसतात. ती पाटी ते पुसत नाहीत.