बिनपाण्याचा वाफा

चावीवाला निवृत्त झाला, पण त्याचा हात काही निवृत्त झाला नाही. पस्तीस वर्षं पहाटे चारला उठून त्याने शहराच्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या होत्या. त्या पस्तीस वर्षांत "आमच्याकडे पाणी जास्त येतं" अशी तक्रार घेऊन एक माणूस आला असेल तर शपथ. त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं.

अशा माणसाच्या हवाली आपला लाडका वाफा करून बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. वाफ्यात सदाफुली, गॅलार्डिया, लॅव्हेंडर आणि कडेला बोगनवेल. एकदा रुजली की वर्षानुवर्षं फुलणारी आणि पाण्याचं नावही न काढणारी मंडळी. जाताना तिने एवढंच बजावलं, की दोन महिने वाफ्याला काहीही करू नका.

हे त्याला लागलं. एवढा दांडगा अनुभव, आणि घरात काम काय मिळालं, तर काही न करण्याचं. बायकोचा आपल्यावर काडीचा भरवसा नाही, असं त्याने ठरवून टाकलं. ती येईल तेव्हा वाफा बघून तिने तोंडात बोटं घातली पाहिजेत, या ईर्ष्येने त्याने दुसऱ्याच दिवशी नळाला पाइप जोडला.

बोगनवेलीने नुसता पाला वाढवला, फुलाचा पत्ता नाही. लॅव्हेंडरने मान टाकली. आता मुळं कुजलेलं झाड आणि तहानलेलं झाड दिसायला सारखंच. चावीवाल्याला त्यातलं एकच ठाऊक, म्हणून त्याने पाणी दुप्पट केलं. शेजारच्या शिंपिणीने कुंपणावरून विचारलं, की भाऊ, वाफा आहे की तळं? त्याने तिला शिलाईत लक्ष घालायला सांगितलं. फोनवर तो बायकोला सगळं झकास असल्याचं सांगायचा, आणि फोन ठेवला की पुन्हा पाइप उचलायचा.

बायको आली ती बॅग हातात धरूनच वाफ्याशी गेली. लॅव्हेंडर काळं पडलं होतं, सदाफुली चिखलात आडवी. गॅलार्डियाची तीन रोपं तेवढी जिवंत होती, तीही पाइप जिथे पोचत नव्हता तिथली. तिने चिमूटभर माती उचलून हुंगली आणि नाक मुरडलं. चावीवाला पाइप पाठीमागे लपवून उभा होता. पाइप ठिबकत होता.

"मला वाटलं, तुझा भरवसा नाही माझ्यावर," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा दाखवूनच द्यावं."

"भरवसा नव्हताच," ती म्हणाली. "पण अहो, तुमच्या त्या चाव्यांनी माझ्या पस्तीस वर्षांच्या सकाळी खाल्ल्या. सगळ्या गावाला पाणी पाजून तुम्ही यायचात, तोवर माझा चहा एकटीने पिऊन झालेला असायचा. म्हणून हुडकून हुडकून काही न मागणारी झाडं लावली. आता तरी सकाळी माझ्याशेजारी रिकामे बसाल म्हणून."

चावीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

चिखल उपसून, वाळू मिसळून वाफा नव्याने लावण्यात आठवडा गेला. तो त्याने मजेत घालवला, कारण काम होतं. आठव्या दिवशी सकाळी तिने वाफ्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या. तो बसला. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. तेव्हा तिने त्यातला एक आपल्या हातात घट्ट धरून ठेवला. प्रेम होतंच, शिवाय नळ दोन पावलांवर होता.