दुपारचा वाचक

विजयश्रीने ओढणीला हात पुसत लॅपटॉप उघडला. दुपारचा वाचक आलेला होता. ब्लॉगच्या आकडेवारीच्या पानावर हिरवा ठिपका लुकलुकत होता आणि त्याच्यापुढे नेहमीच्याच लेखाचं नाव होतं: 'चिखलीतली बुजवलेली विहीर'.

चिखलीच्या जुन्या जागांवर ती ब्लॉग लिहायची. जिथे आता वर्कशॉप आणि सोसायट्या उभ्या आहेत, तिथले ओढे, पार, चिंचा. वाचणारे मोजकेच, त्यातले निम्मे नातेवाईक, आणि तेही न वाचताच छान म्हणणारे. म्हणून या एका इमानी वाचकाचं तिला फार कौतुक होतं. भेटींची नोंद ती रोज बघायची ती त्याच्यासाठीच.

विहीर घरचीच, सासऱ्यांच्या, चिमाजीआबांच्या मळ्यातली. जमीन बिल्डरला देताना आबांनी स्वतः उभं राहून ती मुरूम टाकून बुजवून घेतली होती. त्याच उन्हाळ्यात आबांचे धाकटे भाऊ गणराज भांडून घर सोडून गेले म्हणे, ते परत आले नाहीत. हे तिने ब्लॉगवर लिहिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खिडकीखाली सकाळपासून जेसीबी घरघरत होता. विहिरीवर त्यांच्याच सोसायटीचं पार्किंग झालं होतं, ते यंदा खचलं, म्हणून उकरायला काढलं होतं. तिचा नवरा धनेश सुट्टी टाकून तिथेच उभा होता.

वाचक अजून पानावरच होता. ब्लॉगच्या शोधपेटीत लोक काय शोधतात, तो रकाना तिने आज पहिल्यांदाच उघडला.

'हिरीत कोन सापडलं का'

काल तेच. परवा तेच. खाली खाली तेच एक वाक्य, आणि प्रत्येकापुढे ब्लॉगचं ठरलेलं उत्तर: काहीही सापडले नाही.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. असं कुणी शोधत नाही. असं माणूस माणसाला विचारतो.

बाजूला एक चौकट होती: 'घरच्या इंटरनेटवरून आलेल्या भेटी मोजू नका'. तिने ती कधी भरलीच नव्हती. आता खूण केली. हिरवा ठिपका विझला. खूण काढली, तर ठिपका परत आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एरवी ती हसून म्हणाली असती.

आतल्या खोलीतून आबांचा हळू आवाज येत होता. भजनं शोधता यावीत म्हणून धनेशने त्यांना फोनशी बोलायला शिकवलं होतं, आणि सुनेचं कौतुक म्हणून तिचा ब्लॉगही त्यात लावून दिला होता; बोललेलं थेट त्याच्या शोधपेटीत जायचं. ती दाराशी गेली. आबा खाटेवर बसले होते, फोन तोंडाजवळ धरून.

“हिरीत कोन सापडलं का?”

मग त्यांनी फोन लांब धरला आणि ओठ हलवत उत्तर वाचलं. त्यांचे खांदे सैल झाले. तिला पाहून ते दचकले नाहीत.

“ये पोरी. तुजं ह्ये लई खरं बोलतंय बग. रोज इचारतो.”

“काय म्हणतंय, आबा?”

“काय बी सापडलं न्हाई म्हंतंय.” ते लहान मुलासारखे हसले. “मंग जरा डोळा लागतो.”

तिच्या हातातला फोन थरथरला. धनेशने फोटो पाठवला होता. विहिरीचे काळे दगड, ओला मुरूम, आणि त्यात जे होतं ते तिने एकदाच पाहिलं. खाली एक ओळ होती: आबांना खाली येऊ देऊ नकोस.

तिने फोन पालथा करून छातीशी धरला. समोरच्या म्हाताऱ्याची तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त कीव येत होती.

“पडा जरा,” ती म्हणाली.

आबांनी पाय वर घेतले, चादर ओढली. मग मान खिडकीकडे वळवून थोडा वेळ ऐकत राहिले.

“पोरी,” ते म्हणाले, “जेसीबी का गं थांबला?”